रस्ता रिकामा, तुम्ही सोडा

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक काठी. दोन हात लांब. जीपच्या मागच्या सीटखाली.

चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढावर थांबला की चाकामागे दगड लावावा लागतो. चालक जागेवरून हलत नाही, दगड दुसऱ्याने लावायचा.

माझ्या पडद्यावर एक हिरवी खूण उमटायची. निरोप लिहून बोट उचललं की लगेच. ती लगेच उमटावी म्हणून मी दोन दिवस खपले होते.

गंगाराम पालवांचा उजवा गुडघा वाकत नाही.

एसटीतल्या एका बाईंच्या मांडीवर पितळी समई, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"पालव, जेवला का?"

सातवळणी घाटात बारा वर्षांपूर्वी, एका आठवड्यात, हे सगळं मी पाहिलं. काही तुकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

तर, बुधवार.

"म्हणजे मी हयसून लिवलंय काय ढेऱ्याक थय दिसतला?"

"लगेच."

"आणि तो लिवता ता माका?"

"लगेच, काका."

"मगे लिवचा काय त्याका?"

"रस्ता रिकामा आहे की नाही ते."

"ता काठी सांगता."

घाटाच्या खालच्या नाक्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलेले पालवकाका माझ्या हातातल्या फोनकडे परक्या घरातल्या मांजराकडे बघावं तसं बघत होते.

दरड कोसळून रस्त्याची बाहेरची बाजू दरीत गेली होती. दोन किलोमीटरच्या पट्ट्यात एकच गाडी मावेल एवढी वाट उरली होती आणि डोंगराच्या अंगाला भिंत बांधायचं काम चालू होतं. वरच्या नाक्यावर ढेरेमामा, खालच्या नाक्यावर पालवकाका. वरून गाड्या सुटल्या की खालच्यांनी थांबायचं, खालून सुटल्या की वरच्यांनी. दोन्हीकडून एकदम सुटल्या तर मध्ये वळायला जागा नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला तीनशे फूट हवा.

हे दोघे पाच महिने एका काठीवर चालले होते. काठी ज्याच्याकडे, त्यानेच गाड्या सोडायच्या. शेवटच्या गाडीच्या चालकाच्या हातात काठी द्यायची, ती पलीकडे पोचली की पाळी पलीकडच्याची. काठी एकच. त्यामुळे चूक झाली नव्हती, एकही. पण वर गाडीच नसली की काठी वरच अडकायची आणि खाली रांग तुंबायची. मग कुणीतरी मोटरसायकलवर टाकून ती पोचवायची. ऑगस्टमध्ये साप चावलेल्या माणसाची जीप खाली चाळीस मिनिटं उभी राहिली. माणूस वाचला. पण भिंतीचं काम बघणाऱ्या मुल्लासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसला फोन केला.

फोनवर बोलून का नाही भागत? डोंगराच्या आड आवाज तुटायचा आणि 'सोडू नका'मधलं 'नका' कुठे जायचं पत्ता नाही. निरोप मात्र बारीक रेंजवरही जातो. शिवाय त्याची नोंद राहते.

आमचं एक पान आधीच चालू होतं. दोन्ही नाक्यांवरून किती गाड्या गेल्या ते त्यात भरायचं. ते पान दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरला विचारायचं: काही नवं आहे का? नाही. आहे का? नाही. दारात जाऊन जाऊन डोकावणाऱ्या माणसासारखं. मी ते काढलं आणि दोन्ही नाक्यांना सर्व्हरशी कायम जोडलेली वाट टाकली. दार उघडंच. इकडून निरोप निघाला की तिकडे उमटला, तिकडून निघाला की इकडे. विचारणं बंद.

मी सव्वीस वर्षांची होते. हे मी एकटीने केलेलं पहिलं काम. आणि ते चांगलं होतं. आजही म्हणते, चांगलं होतं.

पहिल्या दिवसाची नोंद माझ्याकडे आहे. दोनशे चौदा निरोप. त्यातले अठरा रस्त्याबद्दल.

ढेरे: पालव, जेवला का?
पालव: होय
ढेरे: काय हुतं
पालव: माशे
ढेरे: रोज माशेच खातासा व्हय
पालव: तू रोज भाकरी खातंस ता मी इचारलंय?
ढेरे: हितं धुकं लई. माझीच म्हस मला दिसंना
पालव: म्हशीक इचार, तिका तू दिसतस काय
ढेरे: शेवटची गाडी पांढरी जीप

पाच महिन्यांत दोघं दोनदाच समोरासमोर भेटले होते. मधे फक्त काठी जात-येत होती. पालवकाका निरोप वाचून एवढे हसायचे की रांगेतले चालक खाली उतरून बघायला यायचे.

"काय गंगारामशेट, नवीन बायल केलंस काय?"

"बायल न्हय रे, ढेरो आसा. मिशी आसा तेका."

गंगारामशेट. तीन वर्षं त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. चिऱ्यांच्या खाणीत गुडघा गेला आणि घरी बसलेल्या माणसाला गावात नुसतं 'गंगो' म्हणायला लागले. नाक्यावर गाड्या सोडायचं हे निशाण मिळालं आणि 'शेट' परत आला. बसून करता येईल असं काम पंचक्रोशीत हे एकच. भिंतीला अजून वर्ष लागणार होतं. वर्षभर मी 'शेट', असं ते स्वतःच म्हणाले होते, हसत.

मुल्लासाहेबांचा नियम साधा होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. "निशाणाची चूक मी माफ करत नाही, चौगुले मॅडम. ज्याचं निशाण त्याची नोकरी जाणार. माणूस कितीही चांगला असू दे."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार: काठीही आणि निरोपही. तीन दिवसांत निरोप एकदाही चुकला नाही आणि काठी चार वेळा अडकली. शनिवारी मुल्लासाहेब म्हणाले, "एका घाटात दोन कारभारी नकोत. काठी ठेवायची का तुमचं यंत्र?"

"यंत्र," मी म्हटलं. "सोमवारपासून."

"आणखी चार दिवस?"

"कशासाठी, साहेब? आकडे तुमच्यासमोर आहेत."

काठी मुल्लासाहेबांच्या जीपच्या मागच्या सीटखाली गेली.

सोमवार. 

(वरच्या नाक्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. इथे क्रमाने लावते, नाहीतर कळायचं नाही.)

सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या नाक्यावर गाडी नव्हती. ढेरेमामांनी लिहिलं: रस्ता रिकामा, तुम्ही सोडा. खूण उमटली. हिरवी.

त्याच क्षणी टेकडीवरच्या टॉवरची वीज गेली.

निरोप ढेरेमामांच्या फोनमध्येच बसून राहिला. पण खूण उमटलेली. कारण ती मी तशी केली होती: निरोप पोचला की नव्हे, लिहिला की उमटायची. दिसायला चटपटीत. वापरणाऱ्याला ताटकळावं लागत नाही.

ढेरेमामा खालून येणाऱ्या गाड्यांची वाट बघत राहिले. पाच मिनिटं. दहा. पंधरा. एकही आली नाही. तेवढ्यात वर एसटी येऊन थांबली, तिच्यामागे नऊ गाड्या. ढेरेमामांनी विचार केला तो असा: मी त्यांना पाळी दिली. पोचली, खूण आहे. ते आले नाहीत, म्हणजे खाली कुणी नाही. मग पाळी परत माझी. विहिरीवर आपण म्हणतो ना, तुम्ही भरा आधी, आणि समोरचा पुढे झालाच नाही तर आपण आपली घागर सोडतो. तसं. त्यांनी लिहिलं: लई वेळ बघितली वाट. कोन न्हाई वाटतं. आता मी सोडतो, यष्टी म्होरं हाय. खूण उमटली. त्यांनी एसटी सोडली.

खाली.

धुकं असं की शेडपासून दहा पावलांवरचा चिऱ्यांचा ट्रक म्हणजे फक्त दोन पिवळे डाग. त्याच्यामागे आणखी सात गाड्या, त्या नुसत्या आवाजाने कळत होत्या. चालकांना आमच्यातलं काहीच दिसत नव्हतं. दिव्यांच्या उजेडात धरलेलं निशाण तेवढं दिसायचं.

पडद्यावर पिवळी पट्टी: जोडणी शोधत आहे.

"गंगारामशेट, तुमचो मोबाईल झोपलो काय?"

"बाईक इचार," दुसरा कुणीतरी धुक्यातून. "कोल्हापूरच्या बाईक."

"काठी बरी होती रे. तिका चार्जिंग लागत नव्हता!"

हशा. मी हसले नाही. वीस मिनिटं झाली होती. मुल्लासाहेबांच्या जीपमधली काठी आता परत निघणार, आजच, पहिल्याच दिवशी, हे मला दिसत होतं.

पट्टी गेली. पडदा हिरवा झाला.

रस्ता रिकामा, तुम्ही सोडा.

"आला!" मी ओरडले. "काका, आला. सोडा."

पालवकाका उठले. गुडघा न वाकवता उठायची त्यांची एक रीत होती, खुर्चीच्या पाठीला धरून अर्धवर्तुळ. निशाण हातात घेतलं. मग थांबले.

"ही ओळ आताची काय गो?"

"आत्ताच आली. तुमच्यासमोर आली ना?"

"इली समोर. पण लिवली कधी?"

पडद्यावर वेळ नव्हती. वेळ मी काढून टाकली होती. म्हाताऱ्या डोळ्यांना मोठी अक्षरं हवीत, बारीक आकड्यांची गर्दी कशाला.

"लिहिली की येते, काका. मध्ये काही नसतं."

"जरा रव."

"किती?"

"एक मिनीट. माका आवाज आयकूचो आसा." ते डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. पाचव्या वळणावर गाडी आली की भोंगा द्यावाच लागतो, आणि तो कड्यावर आपटून खाली येतो.

ट्रकने हॉर्न दिला. मागच्या सात गाड्यांनी दिला. त्या गोंगाटात कड्यावरून काय येणार होतं?

निशाण वर गेलं.

ट्रक गुरगुरत निघाला. एकामागून एक सगळ्या गेल्या. मी वहीत लिहिलं: आठ गाड्या.

लगेच रेंज परत गेली होती. चार मिनिटांनी पुन्हा आली आणि मागे अडकलेला दुसरा निरोप उमटला. लई वेळ बघितली वाट.

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला. पालवकाकांचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला होता.

तेवढ्यात गुरांचे एक डॉक्टर मोटरसायकलवरून नाक्यावर येऊन थांबले. मी त्यांच्यामागे बसले. "वर," म्हटलं, "जोरात, आणि हॉर्न सोडू नका."

चौथ्या वळणावर सगळे उभे होते.

एसटी आणि ट्रक यांच्यामध्ये चार हातांचं अंतर होतं. एसटीच्या चालकाने वळणाआधी भोंगा दिला, ट्रकवाल्याने दिला, दोघांनी एकदम ब्रेक दाबले. एवढंच. एवढ्यावर वाचले. ट्रकच्या मागे सात, एसटीच्या मागे नऊ, आणि कुणालाच स्वतःच्या मागची गाडी दिसत नव्हती.

"सोडलं कोणी?" एसटीचा चालक खिडकीतून ओरडत होता. "कोणी सोडलं खालनं?"

"वरनं कोणी सोडलं?" ट्रकवाला.

"मी," ढेरेमामा म्हणाले. ते वरून पळत आले होते, चप्पल हातात. "मी सोडलं. पन पालवला सांगून सोडलं, खूण बघून सोडलं. मॅडम, तुमची खूण हुती की हो!"

मी म्हटलं, "मामा, आधी गाड्या."

मी एसटीच्या मागच्या शेवटच्या गाडीपासून सुरुवात केली. ती उलटी वर. मग तिच्या पुढची. कंडक्टर शिट्टी वाजवत मागे मागे चालत होता. एसटी रिकामी केली. माणसं डोंगराच्या अंगाने हात धरून रांगेने वर गेली. समईवाल्या बाई दरीच्या बाजूला बघत नव्हत्या, समईकडेच बघत चालल्या होत्या. ट्रकच्या मागच्या चाकाला दगड लावला होता, तो एकदा सटकला. ट्रक हातभर मागे आला आणि मागच्या जीपच्या नाकाला टेकला. काच फुटल्याचा आवाज. गुरांच्या डॉक्टरांनी दुसरा दगड सरकवला आणि मग त्याच दगडावर बसून राहिले, उठेचनात.

दोन तास दहा मिनिटं. एक दिवा फुटला. माणसाला खरचटलंही नाही.

दुपारी तीन वाजता मुल्लासाहेबांच्या पत्र्याच्या ऑफिसात आम्ही चौघं.

मी उभी राहून बोलले. "तीन चुका झाल्या, साहेब. तिन्ही माझ्या. खूण निरोप पोचल्यावर उमटायला हवी होती, मी लिहिल्यावर उमटवली. निरोपावर वेळ हवी होती, मी काढली. आणि शिळा निरोप आपोआप मरायला हवा होता, तो मी जिवंत ठेवला. ढेरेमामांचा काही दोष नाही. त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला."

मुल्लासाहेबांनी चष्मा काढला. "हे मला आवडलं. चूक कबूल करणारा माणूसच ती दुरुस्त करू शकतो. किती दिवस लागतील?"

"तीन."

"काठी परत नाक्यावर. तुम्ही करा तुमचं." मग ते वळले. "आणि पालव? खालचं निशाण?"

"निशाण माझा, सायबांनू."

"भोंग्यासाठी थांबायचं असतं, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवलंत ना? थांबला नाहीत?"

पालवकाकांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं.

"निशाण माझा. गाडयो माझ्या निशाणार गेल्यो."

ढेरेमामा म्हणाले, "साहेब, असा मानूस—"

"माझा नियम सगळ्यांना माहीत आहे," मुल्लासाहेब म्हणाले. त्यांनाही ते सोपं गेलं नाही, पण म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

मी फोनकडे बघत होते. रेंज पूर्ण होती.

बाहेर चहाच्या टपरीपाशी पालवकाका थांबले होते. मला वाटलं बोलतील. ते म्हणाले, "तुझ्या मोबायलात एकच काठी घाल गो. निरोप धा जाग्यार जाता. काठी एका येळाक एकाच जाग्यार रवता."

तेच केलं. पडद्यावर एक काठी. ती सर्व्हरकडे असते आणि एका वेळी एकाच नाक्याच्या नावावर. पलीकडच्याने 'घेतली' म्हटल्याशिवाय हलत नाही. रेंज गेली तर आहे तिथेच. दोन मिनिटांपेक्षा जुना निरोप पोचत नाही, फेकला जातो. सोडायचं बटण काठी नसलेल्याच्या पडद्यावर दिसतच नाही. भिंत पूर्ण होईपर्यंत, पुढचे चौदा महिने, सातवळणीत दोन गाड्या कधीच समोरासमोर आल्या नाहीत.

दुरुस्त केलेल्या पानावरचा पहिला निरोप माझ्याकडे आहे.

ढेरे: पालव, जेवला का?
खालचा नाका: कोण पालव

आज माझ्या ऑफिसात अकरा माणसं आहेत. हीच काठी आम्ही एका अरुंद पुलावर चालवतो, दोन फेरीबोटींवर चालवतो, एका बोगद्याच्या कामावर चालवली. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी सातवळणीची गोष्ट सांगते. फळ्यावर तिन्ही चुका लिहिते. 'माशे'वर मुलं हसतात. 'पण लिवली कधी?' हे वहीत उतरवून घेतात. स्वतःच्या चुका इतक्या उघडपणे सांगणारी बाई आपण पाहिली नाही, असं एकीने मला लिहून दिलं होतं. खरं आहे ते. तिन्ही चुका मी कधीच लपवल्या नाहीत.

निशाण पालवकाकांनी उचललं नव्हतं. ते मी त्यांच्या हातातून घेतलं आणि मी उचललं.